पळसदरीची भिंत आणि मुंबईचा ब्रंच

मुंबईतल्या एका कॅफेच्या दाराशी आम्हाला फुटपाथवर उभं करून हातात एक बझर दिला होता. तळहाताएवढं काळं डबडं. टेबल मिळालं की ते थरथरतं आणि त्यावर लाल दिवे लागतात. शेठ ते दोन्ही हातांत धरून उभे होते.

"बघा मॅडम, गर्दी बघा," ते म्हणाले. "लोकं उन्हात उभी ऱ्हातात खायला. आपल्याकडं अशी रांग लागली पायजे."

मी काचेतून आत बघत होते. आत चार-पाच टेबलं रिकामी होती. टेबलं रिकामी आणि माणसं बाहेर, याचा आमच्या धंद्यात एकच अर्थ होतो. किचनला तेवढ्या ऑर्डरी झेपत नाहीत, म्हणून माणसं दारातच अडवायची. मी हे शेठना सांगितलं.

"तुमाला जिथं तिथं खोट दिसते."

खोट दिसावी म्हणूनच त्यांनी मला नेमलं होतं. पण ते असो.

मी किचन प्लॅनर आहे. आधी बरीच वर्षं मोठ्या हॉटेलांच्या किचनमध्ये काढली, आता कर्जत-खालापूर भागातल्या रिसॉर्टना किचन आखून देते. कामाला तोटा नाही. ज्याच्याकडे म्हणून एकरभर भातशेती आहे तो तिच्यात स्विमिंग पूल खणतो आणि पाटी लावतो. त्यातल्या त्यात शेठची पळसदरीची जागा चांगली होती आणि किचनही मनासारखं झालं होतं. मोठं, हवेशीर, धूर बाहेर नेणारं, आणि जेवणघराच्या बाजूने पक्की भिंत. दिवाळीच्या सुट्टीत उद्घाटन. बुकिंग घेऊन झालं होतं, बहुतेक ठाणे-डोंबिवलीची मोठी कुटुंबं.

अशा वेळी शेठच्या मुलीला, केतकीला, हे कॅफे सापडलं. रिसॉर्ट चालवायला म्हणून तिने बँकेतली नोकरी सोडली होती. कॅफेवाल्यांनी तिच्यापुढे प्रस्ताव ठेवला: जागा तुमची, नाव आमचं, मेनू आमचा. एकच अट होती, ओपन किचन. म्हणजे पाहुण्यांना आतला स्वयंपाक दिसला पाहिजे, म्हणजे माझी भिंत पाडली पाहिजे. गवंडी सोमवारी येणार होता. भिंत पाडली की धुराड्याची सगळी रचना बदलायची, म्हणजे उद्घाटन पुढे, म्हणजे सुट्टीचं बुकिंग गेलं. केतकीची नोकरी तर आधीच गेली होती.

"तुमी फक्त हो म्हना," शेठ म्हणाले होते.

"आधी तिथे जाऊन जेवू. वहिनींनाही घ्या."

"तिचं काय काम तिथं?"

"जेवायचं काम."

म्हणून रविवारी सकाळी आम्ही चौघं निघालो. वाटेत चौक गावाला वडे तळले जात होते, पण शेठनी गाडी थांबवू दिली नाही. "पोटं रिकामी ठेवा," म्हणाले. "तिकडं खायचं हाय."

बझर थरथरला तेव्हा सगळ्यांची पोटं व्यवस्थित रिकामी होती. आत उंच स्टुलं. वहिनींनी स्टुलाकडे बघितलं, मग लेकीकडे.

"शिडी आण गं केतू."

मेनू कागदावर नव्हता. टेबलावरचा चौकोन फोनने स्कॅन करायचा, मग वाचायचं. मी चौघांना मुद्दाम चार वेगळे पदार्थ घ्यायला लावले. केतकीला एग्ज बेनेडिक्ट, शेठना चिकन सँडविच, मला पॅनकेक, वहिनींना साधं ऑम्लेट. चार पदार्थ म्हणजे किचनमधले चार वेगळे कोपरे. ते चारही एकाच वेळी पासवर आले तर किचन चालतंय असं समजायचं. पास म्हणजे स्वयंपाकघर आणि वाढपी यांच्यामधला कट्टा. टेबलाची पूर्ण ऑर्डर तिथे जमेपर्यंत एकही प्लेट हलायची नाही, हा जुना नियम आहे.

एग्ज बेनेडिक्ट एकटंच आलं. पावावर पाण्यात शिजवलेलं अंडं, त्यावर हॉलंडेज नावाचा सॉस. बलक आणि लोणी घोटून केलेला. तो कोमट असतानाच खायचा असतो, त्याला वाट बघता येत नाही.

केतकीने काटा उचलला आणि वहिनींनी तिचं मनगट धरलं.

"थांब. बाबांचं आलं नाय अजून."

"आई, इथे तसं नसतं."

"आपल्याकडं असतं ना?"

शेठच्या घरी शेवटच्या माणसाच्या पानात पडेपर्यंत कुणी घास घेत नाही. सगळ्यांचं वाढून झालं की घरातलं मोठं माणूस 'करा सुरू' म्हणतं, तेव्हा हात पानाला लागतो. घर भाताच्या जमिनीचं, माणसं पुष्कळ, आणि शिस्त पिढ्यांची. मुंबईच्या स्टुलावर बसल्याने ती मोडणार नव्हती. वेटरने बहुधा आमची अडचण ओळखली.

"मॅडम, हमारे यहाँ जैसा रेडी होता है, वैसा आता है. शेअर करके खाइए."

"आमी काय चिमण्या हाव, एकमेकींच्या चोचीत घालायला?" वहिनी म्हणाल्या. त्याला ते कळलं नाही. तो हसला आणि गेला.

आम्ही प्लेटकडे बघत बसलो. सॉसवर साय धरली. माझे पॅनकेक आले, तेही थांबले. मला निवांत ओपन किचन बघता आलं. तिथे कॉफीचं मशीन होतं, अंड्यांची शेगडी होती आणि एक माणूस चिमट्याने प्लेटवर पानं ठेवत होता. औषधाच्या गोळीएवढी पानं. मागच्या दारातून शिजवलेल्या चिकनच्या सीलबंद पिशव्या येत होत्या. त्या गरम पाण्यात बुडवायच्या, कापायच्या, ओतायच्या. यात गैर काही नाही, पुष्कळ हॉटेलं हेच करतात. फक्त याला ओपन किचन म्हणू नये. देखावा काचेपुढे आणि स्वयंपाक दुसऱ्याच गावात.

सँडविच आलं. शेठनी पावाला बोटाने टकटक केलं.

"ह्यो पाव कालचा हाय का गेल्या सालचा?"

"बाबा, सावरडो असाच असतो. कडक."

सावरडो म्हणजे आंबवलेल्या पिठाचा पाव, त्याची कड कडकच असते, हे खरं. पण आतला भाग वाळलेला होता, तो कुठल्याही देशात शिळाच. मी तसं सांगितलं.

राहिलं ऑम्लेट. जगातला सर्वांत सोपा पदार्थ, आणि तोच येईना. कारण समोर दिसत होतं. सगळ्या कॅफेच्या अंड्यांसाठी एकच शेगडी आणि एकच माणूस, आणि त्याच्यापुढे ओळीने बेनेडिक्ट.

मधेच शेठनी केतकीची प्लेट गरम करून आणायला पाठवली. ती मायक्रोवेव्हमधून आली. बलक घट्ट आणि सॉस फाटून लोणी एकीकडे, रवाळ चोथा दुसरीकडे. केतकीने काट्याने तो चोथा बाजूला सारला. या एका पदार्थासाठी ती महिनाभर आमचं डोकं खात होती.

शेवटी ऑम्लेट आलं. वहिनींनी चारही प्लेटांवर नजर फिरवली.

"करा सुरू," त्या म्हणाल्या. "बारा वाजले सगळ्याचे."

खाऊन होतंय तोवर मॅनेजर आला. आम्ही कोण ते त्याला माहीत होतं. हसून "कसं वाटलं?" म्हणाला. शेठ तोंड उघडणार, तेवढ्यात केतकीनेच विचारलं.

"पळसदरीला आमच्याकडे बारा-पंधरा जणांचे ग्रुप येणार. त्यांना एकदम वाढता येईल ना?"

"मोठे ग्रुप आम्ही घेतच नाही मॅडम. सहाच्या वर नाही. व्हाइब बिघडतो."

"पण तिथे तर सगळे ग्रुपच आहेत."

"पॉलिसी ब्रँडची आहे. सगळीकडे तीच राहील."

शेठ पुढे वाकले. "म्हंजे माझ्या भावाची सगळी पोरं माझ्याच जागेत जेवायला आली, तर अर्धी भाईर?"

"त्यांना बझर देऊ, सर."

मॅनेजर ते गंभीरपणे म्हणाला. माझं काम तिथेच संपलं. मला एक शब्दही बोलावा लागला नाही, आणि सल्लागाराला असे दिवस फार मिळत नाहीत.

परत येताना चौकला गाडी आपोआप थांबली. चार प्लेट वडे एकदम आले. केतकीने खाता खाता गवंड्याला फोन केला. "उद्या नका येऊ. नाही, परवाही नको." शेठ काहीतरी बोलायला लागले, तर वहिनी म्हणाल्या, "गप बसा वो. पोरीनंच इचारलं ना त्याला? तुमी निसती गर्दी बघत व्हता." केतकीचे डोळे भरले होते. मी लक्ष दिलं नाही. चूक सही करण्याआधी कळली, तर त्यात रडण्यासारखं काही नसतं.

कर्जत जवळ आल्यावर तिने विचारलं, "मॅडम, पंधरा जणांना एकदम वाढायचं कसं?"

हा प्रश्न तिने महिन्याभरात पहिल्यांदा विचारला होता. मी सांगितलं. थांबू शकणारे पदार्थ आधी करायचे, उसळ, रस्सा, भात. न थांबणारे शेवटी करायचे, किंवा करायचेच नाहीत. तांदळाची भाकरी फडक्यात गुंडाळून थोडा वेळ चांगली राहते. घावन राहत नाही, तव्यावरून उतरला की त्याचा दम गेला. म्हणून रविवारच्या मेनूतून घावन काढायचा.

"माझा घावन?" वहिनी मागून म्हणाल्या. घावन ही त्यांची खासियत. "पावनी येनार आन घावन नाय?"

"पंधरा जणांना एकदम देता येतील का, वहिनी?"

पुढे आठवडाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मला त्याचं काही वाटलं नाही. जो नियम मुंबईच्या सॉसला, तोच पळसदरीच्या घावनाला.

रिसॉर्ट ठरल्या दिवशी उघडलं. भिंत आहे तिथे आहे. पहिल्या रविवारी डोंबिवलीचं एक कुटुंब आलं, आजोबांपासून रांगत्या पोरापर्यंत. सगळ्यांची ताटं एकदम लागली. चहा मात्र कमी पडला. कुणी काही चकित होण्यासारखं खाल्लं नाही, पण गरम खाल्लं आणि बरोबर खाल्लं.

ते कॅफे अजून जोरात चालतं म्हणे, रांगही असते. असू दे. रांगेतल्या माणसांना मी ओळखते, त्यातले निम्मे इतर निम्म्यांना बघून उभे असतात.

सध्या खालापूरकडच्या एका फार्महाउसवाल्याने मला बोलावलंय. त्यालाही ओपन किचन पाहिजे. त्याने फोनवर टाइल्सचे फोटो पाठवले. मी उलट एवढंच विचारलं, की तुमच्याकडे एका वेळी किती माणसं जेवायला बसणार? तो म्हणाला, ते नंतर बघू. मी म्हटलं, मग मीही नंतर येते. किचनचा आराखडा त्या आकड्यापासून सुरू होतो. टाइल्स शेवटच्या दिवशी निवडल्या तरी चालतात.