अध्यक्षांचा हापूस

आमच्या कॉलेजच्या दशकपूर्ती स्मरणिकेत तिसऱ्या पानावर एक वाक्य आहे: 'माननीय अध्यक्षांनी स्थापनेच्या दिवशी स्वहस्ते लावलेले हापूसचे कलम आज डौलाने उभे आहे.' हे वाक्य धादांत खोटं आहे. मला पक्कं माहीत आहे, कारण ते लिहिलं मी आणि ते कलम मारलंही मीच.

मी पहिल्या तुकडीतली. कॉलेज म्हणजे वसईच्या बाहेर, एका अंगाला भातशेत आणि दुसऱ्या अंगाला मिठागर, मधे चार खोल्या. वरच्या मजल्याच्या नुसत्या सळया आभाळाकडे बोट दाखवत उभ्या होत्या. शिकवायचे फक्त आर्ट्‌स. सायन्सला मार्क नाहीत आणि कॉमर्सला धीर नाही, अशी आम्ही सगळी मंडळी तिथे जमा झालो होतो. बाक जवळच्या शाळेने दिलेले, तिसरीच्या मुलांचे. इतिहासाच्या तासाला आम्ही गुडघे हनुवटीला लावून बसायचो.

स्थापनेच्या दिवशी अध्यक्ष आले. माणूस मूळचा रत्नागिरीकडचा. घरच्या बागेतलं हापूसचं कलम मांडीवर घेऊन एसटीने मुंबईपर्यंत आणलं होतं म्हणे. ते लावताना भाषणाच्या भरात म्हणाले, "या झाडाचा पहिला आंबा मी खाणार, आणि त्याच दिवशी आपल्या माळ्याला कायम करणार!" टाळ्या पडल्या. माळीकाका मिठागराकडच्या गावातले, त्याच सकाळी हंगामी म्हणून लागलेले. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष गमतीने बोलले असतील, पण ऑफिसने ते ब्रह्मवाक्य धरलं. काकांनी कायम होण्याचं विचारलं की हेडक्लार्क खिडकीतून झाडाकडे बोट दाखवायचे.

आणि डिसेंबरात आम्ही ते झाड आडवं केलं. आम्ही म्हणजे मी आणि माझी मैत्रीण. ती पाचूबंदरची, कोळ्यांची, वडिलांची बोट होती आणि तिला कशाचीच भीती नव्हती. इंग्रजीच्या मॅडम कायनेटिकला किल्ली तशीच ठेवून वर्गात गेल्या. मैत्रीण म्हणाली, "बस गं, टेन्शन काय घेते, मी मागून धरते." ती मागून धरत नव्हती, मागून हसत होती. मी व्हरांड्याला वळसा घातला, ब्रेक समजून भलतंच पिळलं आणि थेट कलमावर. बुंध्यातून कट्‌कन मोडलं.

काका धावत आले. आता शिव्या बसणार म्हणून मी डोळे मिटले. शिव्या आल्याच नाहीत. डोळे उघडले तर ते मातीत बसले होते. "गेली माजी नोकरी," एवढंच म्हणाले. मला तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा माझीच लाज वाटली.

मग तेच उठले. इमारतीमागे गवंड्यांनी मे महिन्यात चोखून फेकलेल्या कोयी पावसात रुजल्या होत्या. त्यातलं एक वीतभर रोप त्यांनी मातीसकट उचललं आणि खड्ड्यात बसवलं. खालच्या बाजूला गोणपाट गुंडाळलं. "कलमाला खाली जोडाची गाठ असते," ते म्हणाले. "ती सायबांनी शोदली तर मेलो. कोनाला बोलू नका पोरींनो." आम्ही दोघींनी गळ्याला हात लावून शपथ घेतली. कायनेटिकचा आरसा फुटला होता, तो मांजराच्या नावावर गेला.

पुढे दर वर्षी स्नेहसंमेलनाला अध्यक्ष यायचे, झाडाभोवती एक फेरी मारायचे आणि विचारायचे, "काय रे, मोहर नाही अजून?" काका कधी खारा वारा सांगायचे, कधी ढगाळ हवा. एकदा तर म्हणाले, "सायेब, कॉलेजात गाणी लय मोठ्यानं लावतात, झाड बिचकतंय." अध्यक्षांनी गंभीरपणे मान हलवली होती. झाड वाढलं तसं गोणपाट गेलं आणि बुंध्याला गेरूचा रुंद पट्टा आला. दर दिवाळीला काका तो पट्टा इतका जाड काढायचे की खाली गाठ आहे की गळू, देवालाही कळलं नसतं.

कलम असतं तर चौथ्या-पाचव्या वर्षी फळलं असतं. हे रायवळ, कोयीचं झाड. त्याला कुठे घाई! मी बी.ए. झाले, एम.ए. झाले, तासिका तत्त्वावर त्याच कॉलेजात शिकवायला लागले, तरी काका हंगामीच. मी त्यांच्यासमोरून जाताना पदर सारखा करायची, उगाच घड्याळ बघायची. दहाव्या वर्षी मोहर आला. अध्यक्षांनी फोनवरून जाहीर केलं की मे महिन्यात झाडाखालीच स्मरणिका निघेल आणि आंबाही तिथेच खाल्ला जाईल. इतिहास लिहायचं काम माझ्याकडे. म्हटलं, वा, चोराच्याच हाती किल्ल्या.

फळं धरली. लिंबाहून थोडी मोठी. मी एक पाडाचं खाल्लं आणि आंबटपणाने माझे कान हलले.

मैत्रीण तोवर पाचूबंदरला लिलावात उभी राहून पापलेटांचे सौदे करत होती. ती म्हणाली, "अगं, सोप्पं आहे. आंबा झेल्याने काढतात ना? त्या काठीच्या टोकाला जाळं असतंच. आत अगोदरच हापूस ठेवायचा. वर नेऊन फांदीला हलवायचं, खाली काढायचं. जाळं मी विणते, आतला आंबा दिसायचा नाही." स्टेशनजवळच्या बाजारातून मी हापूसची पेटी घेतली, त्यातला सर्वांत देखणा निवडला. काका नको नको म्हणत होते. तरी त्यांनी झेला घेतला.

समारंभ झाला. प्राचार्य, पाहुणे, सगळे चहाकडे गेले. झाडाखाली खुर्चीवर अध्यक्ष, आता काठी टेकणारे, आणि आम्ही तिघं. काकांनी झेला वर नेला, फांदी हलवली, खाली काढला. केशरी, घमघमणारा हापूस अध्यक्षांच्या हातात पडला. त्यांनी तो हुंगला. फिरवला. मग देठाजवळून दोन बोटांनी काहीतरी उचललं आणि आमच्यापुढे धरलं.

गवताची काडी होती.

अरे देवा! हापूस कुणी झाडावर पिकवून खातं का? हिरवा उतरवायचा आणि गवताच्या अढीत पिकवायचा. हे कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल, आणि आम्ही फसवायला निघालो होतो रत्नागिरीच्या माणसाला! मैत्रीण चप्पल शोधायला लागली.

"झाडाला अढी लागलेली प्रथमच बघतोय," अध्यक्ष म्हणाले आणि पोट धरून हसले. "अरे, कलमाची पानं मला कळत नाहीत होय? पहिल्याच संमेलनाला ओळखलं मी. म्हटलं, बघू, हा कधी येऊन सांगतो. दर वर्षी वाट बघायचो. ते गाण्याने बिचकतंय, ते तर मी घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं!"

मी पण हसायला लागले. सुटलो, असं वाटलं. काका हसले नाहीत. त्यांनी झेला झाडाला टेकवला. अध्यक्षांसमोर एरवी मान वर न करणारा माणूस सरळ त्यांच्याकडे बघून बोलला.

"तुमी वाट बघितली, सायेब. माज्या बायकोनं आंबा सोडलाय. मी कायम होईस्तोवर खानार नाय बोलली. धा वर्सं झाली. पोरं खातात तवा ती उटून भाईर जाते."

आमच्यापैकी कुणालाच हे ठाऊक नव्हतं. त्या दहा वर्षांत मी किती आंबे खाल्ले असतील, आमरस, बर्फी, साखरांबा, आणि एकदाही या बाईची आठवण झाली नव्हती. होणार कशी, मी कधी विचारलंच नव्हतं. "सर, झाड मी मोडलं," मी म्हणाले. ते मी दहा वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं.

अध्यक्षांचा चेहरा उतरला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पेन मागितलं. माझ्या स्मरणिकेच्या कोऱ्या पाठीवर दोन ओळी लिहिल्या, सही केली, हेडक्लार्कला हाक मारली आणि म्हणाले, "आजपासून." मग काकांना म्हणाले, "मला माफ कर." आणि तो हापूस त्यांच्यापुढे धरला, घरी नेण्यासाठी.

काकांनी तो घेतला नाही. त्यांनी आपल्या झाडाचे दोन आंबे काढले, रुमालात बांधले, सायकलच्या हँडलला अडकवले आणि सुट्टीचा अर्ज न देता भर दुपारी घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर आले. काका झाडाला पाणी घालत होते. बुंध्यावरचा गेरू त्यांनी खरवडून काढला होता.

"काय म्हणाल्या काकू?" मी विचारलं.

"बोलली, लय आंबट हाय," काका म्हणाले. "दोनी खाल्ले."