टाळ्यांचं बाक

"तुम्ही चौघं मागे बसा. तुम्ही ऑडियन्स. टाळ्या वाजवायच्या."

मी सहावीत होते. मॅडम हे हसत हसत म्हणाल्या. मुलांना गणिताची गोडी लागावी म्हणून त्यांनी वर्गात क्विझचा खेळ आणला होता. स्मार्टबोर्डवर प्रश्न, टेबलावर बझर, कोपऱ्यात खेळणाऱ्यांची नावं आणि पॉइंट. टीम कॅप्टननी निवडायची. आम्हा चौघांना कोणीच घेतलं नाही. आम्ही आरटीईवाले. सरकारी सोडतीत नंबर लागून, फी न भरता, गंगापूर रोडच्या त्या महागड्या शाळेत आलेलो. माझे वडील सातपूरला वर्कशॉपमध्ये लेथ चालवायचे.

दर शुक्रवारी मी टाळ्या वाजवल्या. सांगायला लाज वाटते, पण मन लावून वाजवल्या. वाटायचं, मॅडमचं लक्ष जाईल, म्हणतील, ये पुढे.

गणित मला यायचं. हे फक्त माझ्या पुढच्या बाकावरच्या कॅप्टनला ठाऊक होतं. प्रश्न अडला की तो पेन खाली पाडायचा. उचलायला वाकला की मी हळूच उत्तर सांगायचे. पॉइंट त्याला. टाळ्याही त्यालाच, आणि त्या वाजवायच्या मीच.

फायनलला पालक आले होते. अपूर्णांकाचा प्रश्न आला. पेन पडलं. उत्तर माझ्या ओठांवर होतं. मी त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. तो वाकलेलाच राहिला. दुसऱ्या टीमने बझर दाबला.

तो रडला. हिने सांगितलंच नाही म्हणाला, सगळ्यांदेखत. मॅडम त्याला काही बोलल्या नाहीत. मला विचारलं, "मुद्दाम गप्प बसलीस?"

"हो. माझं नाव लिहा, मग सांगते."

नाव लिहिलं नाहीच. त्यानंतर क्विझच्या तासाला आम्हा चौघांना लायब्ररीत धाडायला लागले, पुस्तकांना कव्हरं घालायला. बाकीचे तिघं माझ्याशी बोलेनासे झाले. घरी वडील म्हणाले, "गप ऱ्हायचं ना बाई. सीट गेली असती म्हंजे?" वर्कशॉपमध्ये काम लवकर व्हावं म्हणून त्यांनी काढलेल्या युक्तीचं बक्षीस सुपरवायझरने घेतलं, तेव्हाही ते गपच राहिले होते.

आता मी इंजिनियरिंगला आहे. इथे ग्रुप प्रोजेक्ट असतात. रात्रंदिवस खपायचं मी, स्टेजवर बोलायचं ग्रुपमधल्या बाकीच्यांनी. हे बदलेल असं मला वाटत नाही. परवा रिपोर्टच्या पहिल्या पानावर माझं नाव नव्हतं. मी माझं काम काढून घेतलं. सगळ्यांचे मार्क जातील, म्हणाले.

जाऊ देत. माझेही जाऊ देत. टाळ्या मी वाजवणार नाही.