आत जीव आहे

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी बारामतीबाहेर इंदापूर रस्त्याला रोपवाटिका टाकली. गुलाब, मोगरा, आंब्याची कलमं, भाजीची रोपं. ती गावोगाव पोचवायला गाडी हवी होती, म्हणून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून आम्ही एक पिकअप घेतली. घेताना इंजिन पाहिलं, टायर पाहिले, कागद पाहिले. मागचा भाग म्हणजे पत्र्याचं एक मोठं बंद खोकं होतं. रोपांना वारा लागणार नाही, यापलीकडे मी काही विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी धुवायला घेतली तेव्हा पहिल्यांदा नीट आत गेले. दोन्ही बाजूंना छातीइतक्या उंचीपर्यंत लाकडी फळ्या होत्या आणि त्यांवर जाड काळं रबर ठोकलेलं होतं. रबर जागोजाग फाटलेलं, फळ्यांवर खोल ओरखडे. छताला छोटा पंखा. ड्रायव्हरच्या सीटमागे सरकती खिडकी होती आणि तिला गज होते. तळाच्या मधोमध, लोखंडी पट्टीवर, माझ्या मनगटाएवढी जाड कडी वेल्डिंग करून बसवलेली. दाराला बाहेरून दोन अडसर आणि आतून उघडायला काहीच नाही.

नवरा पुढं ड्रायव्हरच्या सीटवर बसून आरसे पुसत होता. म्हणाला, "इथं एक जास्तीचा आरसा आहे. रस्ता दिसतच नाही त्यात. मागची खिडकी दिसते."

मी तशीच खाली उतरले. पाण्याचा पाइप चालू राहिला.

मागच्या दाराचा रंग सुटत आला होता. नवऱ्यानं घासायला घेतला, तर हिरव्याखालून पांढरी अक्षरं निघाली. अर्धा तास लागला त्याला. 'आत जीव आहे. सावकाश.'

"जनावरांची गाडी असेल," तो म्हणाला.

"जनावरांची गाडी उघडी असते. आणि जनावराला पंखा कोण लावतं? समोरासमोर बघायला खिडकी कोण ठेवतं?"

तो दारावरचा सुटलेला रंग झाडू लागला. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मी बोलले नाही.

मी लहान असताना आमच्या शेतावरच्या घरात धाकटे काका राहायचे. ते अधूनमधून बिघडत. घरात हाच शब्द होता, बिघडले. बिघडले की त्यांना पडवीतल्या खांबाला साखळीनं बांधत. भाकरी मी नेऊन द्यायचे. ते माझ्या हातातून भाकरी घ्यायचे आणि अगदी साध्या आवाजात विचारायचे, "आज शाळेत काय शिकवलं?" मी सांगायचे. कधी पाढा म्हणून दाखवायचे. आठ-पंधरा दिवसांनी साखळी निघायची आणि कोणी त्याविषयी बोलायचं नाही. मी सहावीत असताना ते गेले. त्यानंतर तर ते होते असंही कोणी बोलेनासं झालं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्यालाही मी हे सांगितलं नव्हतं.

त्यामुळे त्या गाडीत मला रोपं भरता येईनात. कामाला येणाऱ्या बायका विचारत, "बाई, गाडी उभी का?" मी म्हणायचे, बॅटरीचं काम आहे. तिसऱ्या आठवड्यात नवराच म्हणाला, "चल, शोधून काढू. जे असेल ते असेल."

कागदावर शेवटचं नाव भिगवणच्या एका मासळीवाल्या बाईंचं होतं. आम्ही गाडी घेऊनच निघालो. हायवेलगत त्यांचं दुकान सापडलं. बाई साठीच्या, समोर बर्फाच्या पेट्या, हातात कोयता. गाडी बघताच ओळखली.

"मी घेतली तवा हे सगळं हुतंच," त्या म्हणाल्या. "त्या अक्षरांवर रंग तेवढा मी मारला. मासळीच्या गाडीवर 'आत जीव आहे' वाचून गिऱ्हाईक हसायचं."

"आणि ती कडी कशाची, मावशी?"

त्यांनी कोयता खाली ठेवला. "मला ठावं न्हाय. पर माझा ड्रायव्हर म्हनायचा, हितं कुणाला तरी बांधून न्यायचे. डोकं फिरलेल्या माणसाला. त्यो कधी मागं चढायचा न्हाय. हमालच चढायचे."

"गाडी कुणाकडून घेतली होती?"

"यवहार आमच्या मालकांनी केलता, आन ते आता न्हाईत. पर एकदा दाराचं बिजागर तुटलं, तवा भवानीनगरच्या वेल्डरकडं नेली हुती. त्यो म्हनला, हे माझ्याच हातचं काम हाय. त्याला इचारा."

बाहेर येऊन मी गाडीत बसले. नवऱ्यानं चावी लावली, पण सुरू केली नाही. "पुरे करू या का?" त्यानं विचारलं. "कडी कापून टाकू, फळ्या काढू. आपली गाडी आपल्याला हवी तशी करू."

"कापली तरी मला माहीत असणारच ना."

भवानीनगरला कारखान्याचा हंगाम सुरू होता. उसाच्या ट्रॅक्टरांच्या मागं मागं सरकत आम्ही त्या वेल्डरच्या शेडपर्यंत पोचलो. नवरा गाडी सावलीला लावायला जागा बघत होता, तेवढ्यात वेल्डरच हातमोजे काढत बाहेर आला. त्यानं दारावर तळवा ठेवला.

"ही अजून चालती व्हय?" तो म्हणाला. मग आत डोकावला, खिडकी सरकवून पाहिली. "ही खिडकी चार वेळा करून घेतली तात्यांनी. उंची बरुबर न्हाय म्हनायचे. त्याला माझं तोंड दिसलं पायजे, म्हनायचे. तोंड दिसलं न्हाय का धिंगाणा घालायचा त्यो."

माझ्या डोळ्यांसमोर पडवी आली. 'तो कोण' हे मला विचारवेना. मी एवढंच म्हणाले, "हे तात्या कुठं असतात?"

"सणसरला. वढ्याच्या पुलाकडनं डाव्या हाताला, उसातनं रस्ता हाय. जावा की. गाडी बघून बरं वाटंल त्यांना."

बरं वाटेल, हे त्यानं कसं म्हटलं असेल, याचाच मी वाटभर विचार करत होते. एखाद्याचा मुलगा असेल, भाऊ असेल. त्याला दवाखान्यात नेत असतील. पंखा लावला म्हणजे माया असणार, अशी मी स्वतःची समजूत काढत होते, आणि कडी आठवली की ती समजूत गळून पडत होती.

वस्तीवर पोचलो तेव्हा चारेक वाजले असतील. अंगणात बाजेवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरा सदरा, कानाला ऐकायचं यंत्र. गाडीचा आवाज ऐकून ते उठले, पायात चपला न घालताच फाटकापर्यंत आले. त्यांच्या मागून त्यांची बायको आली, हाताला पीठ तसंच.

मी रामराम केला आणि पुढचं काही सुचलंच नाही, म्हणून सरळ विचारलं, "तात्या, या गाडीत तुम्ही कुणाला बांधून न्यायचात?"

"रेड्याला," ते म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कुणाला?"

"आमच्या रेड्याला. दुसऱ्या कुणाला बांधनार?"

नवरा माझ्यामागे उभा होता. त्याच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज आला. मी फाटकाचा खांब धरला. मला हसू येत होतं, पण खांब सोडवत नव्हता. तात्यांच्या बायकोनं माझा चेहरा पाहिला आणि दंडाला धरून मला बाजेवर बसवलं. दंडाला पीठ लागलं.

मग तात्यांनी सगळं सांगितलं. मुऱ्हा जातीचा रेडा, त्यांनी रेडकू असल्यापासून वाढवलेला. त्याच्यापासून झालेल्या म्हशी दुधाला चांगल्या निघायच्या, म्हणून सणसरपासून पार इंदापूरच्या पलीकडपर्यंत म्हशी भरवायला बोलावणी यायची. आधी उघड्या टेम्पोतून न्यायचे. पण रस्त्यात म्हशी दिसल्या की तो उडी मारायला बघायचा. म्हणून बंद गाडी केली. बंद केली तर अंधाराला भ्यायचा, लाथा घालायचा. म्हणून खिडकी केली.

"माझं तोंड दिसलं का गप उभा ऱ्हायचा," तात्या म्हणाले. "आन गाडी चालवताना मला त्यो, त्याला माझं तोंड दिसावं म्हनून आरसा. रबर, वळणावर त्याच्या खांद्याला, फऱ्याला लागू नये म्हनून. कारखान्याच्या जुन्या पट्ट्याचं हाय ते. एकदा एका जीपवाल्यानं मागनं धडक दिली, ह्यो गुडघ्यावर पडला. तवा दारावर लिवून घेतलं."

"आन पंख्याचं सांगा की," त्यांची बायको म्हणाली. "माझ्या सैपाकघरात पंखा न्हवता. ह्यांनी गाडीत आदी बसवला."

"म्हशीच्या जातीला ऊन सोसत न्हाय," तात्या म्हणाले.

"व्हय, मला सोसतं."

ते भांडण बरंच जुनं असावं, कारण दोघंही न रागावता बोलत होते. तात्यांनी घरातून फोटो आणून दाखवला. काळाकुळकुळीत, शिंगं कानाशी वळलेली, गळ्यात झेंडूची माळ. शेजारी तात्या, केस काळे असलेले. पुढं गावोगावचे डॉक्टर म्हशी भरवायचं इंजेक्शन घेऊन दारात यायला लागले, रेड्याला बोलावणी येईनाशी झाली. लोकांनी विकायला सांगितलं. तात्यांनी विकला नाही. म्हातारा होऊन तो दावणीलाच गेला आणि मग रिकामी गाडी अंगणात बघवेना, म्हणून ती दिली.

चहा आला. कप हातात घेतला आणि मी काकांचं सांगून टाकलं. त्या अनोळखी अंगणात, नवऱ्यासमोर. खांब, साखळी, भाकरी, पाढे. सांगताना माझा आवाज वर्गात असायचा तसा स्थिर होता, याचं मलाच नवल वाटलं. नवऱ्याचा चहा गार झाला.

तात्यांनी कानातलं यंत्र नीट केलं. "त्यांना तुमी घाबरत न्हवता?" त्यांनी विचारलं.

मला हे कधी कोणी विचारलं नव्हतं. "नाही," मी म्हणाले. "त्यांना कधीच नाही. साखळीला घाबरायचे."

त्यांनी मान हलवली. तात्यांच्या बायकोनं माझ्या कपात आणखी चहा ओतला.

निघण्याआधी तात्यांना गाडीत बसायचं होतं. नवऱ्यानं त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. त्यांनी गाडी सुरू केली नाही. नुसता हॉर्न दाबून पाहिला आणि तो खराब झालाय असं सांगितलं.

परतीच्या वाटेवर, कालव्यापाशी नवरा म्हणाला, "मला आधी सांगायला हवं होतंस."

"हो," मी म्हणाले.

"त्यांचं नाव काय होतं?"

मी सांगितलं. किती वर्षांनी ते नाव तोंडातून निघालं होतं. त्यानं ते एकदा म्हणून पाहिलं. मग रस्त्यावर उसाची मोळी पडली होती, ती चुकवण्यात दोघांचं लक्ष गेलं. बारामतीत शिरताना मला कडकडून भूक लागली होती. सकाळपासून आम्ही काही खाल्लंच नव्हतं. रस्त्याकडेच्या गाड्यावर उभ्यानं गरम भजी खाल्ली. मी दोनदा मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिकअपमध्ये पहिल्यांदा रोपं भरली. तात्यांच्या बायकोनं निघताना मोगऱ्याची दोन रोपं आणि लिंबोणीचं एक मागितलं होतं, ती आधी ठेवली. आम्ही दोघं सणसरला पोचल्यावर तात्यांनी मागचं दार उघडलं, आत नजर फिरवली आणि म्हणाले, "बाई, कुंड्या चुकीच्या ठिवल्यात. वजन सगळं मागं आलंय. चढाला गाडी तोंड उचलंल."

मग आम्ही तिघांनी मिळून जड कुंड्या पुढं सरकवल्या.