अंबाजीरावांची पितळी वजनं

म्हैसुरात काटे दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत, पण लाकडाच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, तो अंबाजीरावांचंच नाव घेईल. सॉमिल असो, शिसवी पेट्यांचा कारखाना असो की चंदनाचं गोदाम, काटा बिघडला की निरोप त्यांना जातो. पूर्वज महाराजांच्या फौजेत घोड्यावर होते म्हणतात. अंबाजीराव मोपेडवर असतात. पायांशी लाकडी पेटी आणि पेटीत वडिलांच्या वेळची पितळी वजनं, पाच किलोपासून खालपर्यंत.

वजनमाप खात्याचा परवाना त्यांच्या नावावर आहे. काटा त्यांनी दुरुस्त करायचा, मग खात्याच्या माणसानं तपासून शिक्का मारायचा, अशी रीत. तो माणूस येतो त्याच्या सवडीनं. तोवर काट्याचा भरवसा म्हणजे अंबाजीरावांचा शब्द, आणि त्या शब्दावर आजवर कुणी प्रश्न विचारला नव्हता. स्वतः अंबाजीरावांनीही नाही, आणि इथंच घोडं पेंड खातं.

त्यांच्या बायकोचं, जयलक्ष्मीबाईंचं, या वजनांशी जुनं भांडण. बाईंना पितळ चकचकीत लागतं. समया, तांब्या, घंगाळ सगळं चिंचेनं घासून आरशासारखं. आणि आयुधपूजेच्या दिवशी, ज्या दिवशी अख्खं म्हैसूर आपापली हत्यारं नि गाड्या पुसून पुजतं, त्यांच्या पाटावर मात्र काळी, डागाळलेली वजनं. "चिंच लावायची नाही," एवढंच अंबाजीराव दरवर्षी बजावायचे. का लावायची नाही, हे सांगायची तसदी त्यांनी उभ्या संसारात घेतली नाही. बायकोला काय कळतंय त्यातलं, असा पुरुषी गुर्मीचा हिशेब. तो हिशेब असा अंगावर येईल हे कुणी सांगितलं असतं तर ते हसले असते.

गेल्या दसऱ्याला बाईंची बोटं संधिवातानं वाकडी झाली होती. साधं फडकं पिळवेना. मग त्यांनी घरातलं सगळं पितळ पोत्यात भरून मार्केटमागच्या पॉलिशवाल्याकडे दिलं आणि जाता जाता वजनंही त्यात घातली. फिरत्या चाकावर धरून त्यानं ती अशी काही लखलखीत केली की सोन्यानं मान खाली घालावी.

"अहो, नोडी, बघा तरी!" अंबाजीराव घरात शिरतात न शिरतात तोच बाईंनी त्यांना पाटापाशी ओढलं. "चिंच नाही हं लावली. तुमचा शब्द मोडला नाही."

अंबाजीरावांनी पाच किलोचं वजन उचललं. प्रत्येक वजनाच्या डोक्यावर भोकात शिसं भरलेलं असतं आणि त्या शिशावर खात्याचा शिक्का. तो शिक्का पुसट झाला होता. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. मग त्यांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. त्या वाकड्या बोटांनी शेवंतीच्या फुलांचा ढीग उपसत ती लहान मुलीसारखी हसत होती.

"छान झालीत," ते म्हणाले. एवढ्यानं काय होतंय, असं मनाशी म्हणून त्यांनी त्या पुसट शिक्क्यावर स्वतःच्या हातानं कुंकू लावलं. कोहळा फुटला, आरती झाली, प्रसाद वाटला गेला.

दसरा सरला नि येलवालच्या पुढच्या चंदन गोदामातून बोलावणं आलं. शेतकऱ्यांच्या एका संघाचं ते गोदाम. झाडं येतात, वरचं पांढरं लाकूड तासून टाकतात आणि आतला सुगंधी गाभा तेवढा टेबलकाट्यावर मोजून कुलपात ठेवतात. चंदन म्हणजे लाकडातलं सोनं, एक ढलपीही इकडची तिकडे व्हायची सोय नाही. किल्ल्या विजयेंद्रकडे. विजयेंद्र हा अंबाजीरावांच्याच गल्लीतला, दोन घरं सोडून राहणारा. त्याला ही नोकरी लागली होती तीही अंबाजीरावांच्या शब्दावर. काटा बिघडला होता, माल येऊन पडला होता, खात्याचा माणूस सणानंतरच्या रजेवर. अंबाजीरावांनी आपली वजनं ठेवून काटा लावून दिला.

"बिनघोर मोज," ते विजयेंद्रला म्हणाले. विजयेंद्र बिनघोर मोजत राहिला.

थंडी पडायच्या सुमाराला वजनं वार्षिक तपासणीला न्यायची वेळ आली. नेण्याआधी एका दुकानातल्या नव्या शिक्क्याच्या वजनाशी ताडून पाहायची अंबाजीरावांची सवय. पारडं वर गेलं. त्यांनी वजनं बदलून पाहिली, पारडी बदलून पाहिली. त्यांचं प्रत्येक वजन हलकं भरत होतं. किलोला ग्रॅम-दीड ग्रॅम. पॉलिशच्या चाकानं इतक्या वर्षांच्या डागांबरोबर पितळही खाल्लं होतं.

आता सरळ माणसानं काय करावं? खात्यात जाऊन सांगावं. अंबाजीराव सरळच होते हो, पण खात्यात सांगायचं म्हणजे वजनं कुणी पॉलिशला दिली ते आलं, आणि ते घरी कळणार. तिचं ते हसू त्यांना आठवलं. शिवाय आपल्या नावाला डाग? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून त्यांनी घरीच शिसं वितळवलं, भोकात घातलं, वजनं काट्याला काटा जुळवली आणि खात्यात नेली. तिथं ती एका झटक्यात पास झाली. ताजा शिक्का, स्वच्छ दाखला.

मग दसऱ्यानंतर त्या हलक्या वजनांनी लावलेल्या एकूण एक काट्यापाशी ते गेले. "सर्व्हिसिंग, फुकट," असं सांगत सगळे काटे पुन्हा बरोबर केले. गोदामातलाही केला. विजयेंद्रनं कॉफी पाजली. "मामा, तुम्ही आहात म्हणून झोप लागते," तो म्हणाला. अंबाजीराव हलक्या मनानं घरी आले. चूक केली, चूक निस्तरली, कुणाला त्रास नाही. काटा सुधारला, पण त्या काट्यावर आधी मोजून ठेवलेल्या चंदनाचं काय, हा विचार त्या हुशार डोक्यात आलाच नाही.

वजन हलकं असलं की त्यावर लावलेला काटा जास्त दाखवतो. गोदामात दसऱ्यापासून जो चारेक टन माल मोजला गेला, तो प्रत्यक्षात होता त्याहून जास्त लिहिला गेला होता. विक्रीआधी संघानं साठा मोजला, सुधारलेल्या काट्यावर. सुकण्याची घट धरूनही पाच किलो गाभा कमी भरला.

पाच किलो चंदन कुठं गेलं? किल्ल्या कुणाकडे? या दोन प्रश्नांचं उत्तर एकच निघालं. कुंपणानंच शेत खाल्लं, असं संघाचा सेक्रेटरी सगळ्यांदेखत म्हणाला. विजयेंद्रला गोदामाबाहेर उभं केलं आणि सांगितलं, चोरी कबूल करून भरपाई दे, नाहीतर पोलीस. चंदनचोरीत सापडलेल्या माणसाचं पुढे काय होतं हे या भागात पोरासोरांनाही ठाऊक आहे.

गल्लीत बातमी आली तेव्हा अंबाजीराव दाढी करत होते. वस्तरा त्यांच्या हातात तसाच राहिला. क्षणात त्यांना सगळं दिसलं, काट्यासकट, लाकडासकट. अर्ध्या दाढीनिशी ते विजयेंद्रच्या घरी धावले आणि उंबऱ्यातच सगळं ओकले.

विजयेंद्रनं ऐकून घेतलं. रागावला नाही, उलट त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे सुटलो मामा!" तो ओरडला. "वाणी, ऐकलंस का? सुटलो!" त्याची बायको आतून धावत आली आणि तिनं अंबाजीरावांच्या पायावर डोकं ठेवलं. त्या क्षणाची लाज त्यांना अजून पुरते आहे.

संघाच्या बैठकीत अंबाजीरावांनी उभं राहून कन्नडमध्ये सगळं सांगितलं. सेक्रेटरीनं शांतपणे ऐकलं आणि खात्याच्या दाखल्याची नक्कल टेबलावर ठेवली. सरकार म्हणतंय तुमची वजनं बरोबर. काटाही बरोबर, आम्ही कालच तपासला. मग चूक कुठं आहे?

"शिसं मी नंतर घातलं."

शिसं तर प्रत्येक वजनात असतंच, सेक्रेटरी म्हणाला. आणि चूक कळली तेव्हा तुमच्यासारखा माणूस गप्प का बसला?

बायकोचं हसू मोडू नये म्हणून, हे त्या टेबलापुढे कसं सांगणार?  मागून कुणीतरी बोललंच, एका गल्लीतले आहेत, एका जातीचे आहेत, पोराला वाचवायला आलाय म्हातारा. ज्यांच्या शब्दावर टनांनी लाकूड विकलं गेलं, त्यांचा शब्द त्या खोलीत कुणी कवडीला घेतला नाही.

घरी येऊन ते माजघरात मटकन बसले आणि पहिल्यांदाच बायकोला सगळं सांगितलं. जयलक्ष्मीबाईंनी आपल्या वाकड्या बोटांकडे पाहिलं.

"अय्यो देवरे. चिंच नको म्हणालात," त्या म्हणाल्या. "झिजतं म्हणाला असतात तर मी हात तरी लावला असता का हो?"

अंबाजीराव रडले. संसारात ते बायकोसमोर कधी रडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः संघात गेल्या, नवऱ्याच्या मोपेडवर मागे बसून. "मी दिली पॉलिशला. चूक माझी. पोराला सोडा," असं त्यांनी पदर पसरून सांगितलं. एका सदस्याला दया आली. तो म्हणाला, मग करून पाहू, एक वजन पुन्हा पॉलिश करू आणि आधी-नंतर मोजू. अंबाजीरावांना वाटलं, देवच बोलला. त्यांनी वडिलांचं किलोचं वजन काढून दिलं. वजन चाकावर गेलं, परत आलं, सगळ्यांनी मान पुढे काढून काट्याकडे पाहिलं.

काहीही फरक नव्हता.

अंबाजीरावांना तत्क्षणी कळलं. पहिल्या वेळी चाकानं वर्षानुवर्षांचे खड्डे नि डाग खरवडून काढले होते, तेव्हा पितळ गेलं. आता पृष्ठभाग आरशासारखा, त्यातून चाक काय खाणार? ते जीव तोडून हे समजावू लागले. खोलीत खसखस पिकली. "अज्जी, तुम्ही घरी जा," तोच दयाळू सदस्य जयलक्ष्मीबाईंना म्हणाला. हात दाखवून अवलक्षण झालं ते असं.

बाई जागच्या हलेनात. त्या पदर तसाच धरून उभ्या होत्या. तेव्हा कोपऱ्यात उभा असलेला विजयेंद्र पुढे आला.

"मामा, इरली. पुरे झालं. मामींना घेऊन जा."

"अरे, पण तू काही केलं नाहीस!"

"तुम्हाला माहीत आहे ना? आयतु, झालं मग." आणि त्यानं सेक्रेटरीसमोरचा कागद ओढून सही केली. मी चोरी केली, असं त्यात होतं. घरात वाणी होती, पोलीस दारात नको होते.

अंबाजीराव परवाना परत करायला खात्यात गेले. तिथला साहेब म्हणाला, अहो, तुमची वजनं संघानं भर बैठकीत तपासली म्हणे, केसभर फरक निघाला नाही. असा माणूस आम्ही सोडतो होय? घरी जाऊन विश्रांती घ्या. आणि खरोखरच त्यांचं नाव वाढलं. नव्या नव्या सॉमिलांतून बोलावणी येऊ लागली. पोरासाठी खोटं बोलला म्हातारा, पण वजनं सच्ची, असं लोक कौतुकानं म्हणायचे. प्रत्येक कौतुकाबरोबर अंबाजीराव आणखी वाकत गेले. जेवण तुटलं. जयलक्ष्मीबाईंनी घरातलं पितळ माळ्यावर टाकलं आणि स्टीलच्या समईत दिवा लावू लागल्या.

एका सकाळी विजयेंद्र दारात आला. बगलेत छोटा काटा. नंजनगूडच्या बसस्टँडबाहेर त्यानं कांदे-बटाट्याची गाडी लावली होती. तिथं आपल्याला कोण ओळखतं, असं त्याला वाटलं होतं. पण म्हैसूरहून रोज जाणारे-येणारे तिथंही होते.

"मामा, काटा लावून द्या. तुमचं नाव सांगितलं की लोक घेतात. माझं सांगितलं की पुढे जातात."

अंबाजीरावांनी पेटी उघडली. वजनं काढून मांडली.

"अजून एक," विजयेंद्र खाली बघत म्हणाला. "थोडा कमी दाखवू दे. म्हणजे गिऱ्हाईकाला जास्तच जाईल. माझ्या काट्यानं बरोबर देऊन भागत नाही हो."

"नाही," अंबाजीराव म्हणाले. "ते मी करणार नाही. तू चोर नाहीस. तुझा काटा बरोबरच असणार."

त्यांनी काटा बरोबर लावला. दाण्याचाही फरक नाही असा.

पुढच्या आठवड्यात ते मुद्दाम नंजनगूडला गेले आणि बसस्टँडच्या गर्दीत लांब उभे राहिले. विजयेंद्र किलो कांदे मोजत होता. आकडा बरोबर आला. मग त्यानं गाडीवरचे दोन कांदे उचलून पिशवीत वरून टाकले. पुढच्या बाईलाही टाकले, त्यापुढच्यालाही.

"बघ," अंबाजीरावांच्या शेजारचा माणूस आपल्या बायकोला म्हणाला, "खाल्लेलं चंदन पचत नाही. एरवी कुणी असे फुकट देतं का?"

अंबाजीरावांनी तोंड उघडलं, पण त्यांच्याकडे आता सांगण्यासारखं असं काही उरलं नव्हतं, जे कुणी ऐकून घेतलं असतं.