सुमनच्या काढ्यात काय होतं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळही नाही. आई शेवटची आजारी असताना एकदा अगदी ओठांपर्यंत आलं होतं, पण तिनं पाणी मागितलं, मी उठले — आणि राहिलं ते राहिलंच. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावात कुणालाही विचारा, नाल्याकाठचे अर्जुनवृक्ष कुणी वाचवले? लोक माझं नाव घेतील. पावसाळ्यात शाळेतल्या झाडं लावायच्या कार्यक्रमाला मला बोलावतात, शाल देतात, मुलं टाळ्या वाजवतात. मी जाते. शाल घेते. न जाण्याचं काय कारण सांगणार?

नव्वदच्या दशकात लग्न होऊन मी इथे आले. नवरा शिक्षक, माझ्याजवळ आयुर्वेदाची पदवी. बाजाराच्या रस्त्यावर छोटा दवाखाना टाकला. तेव्हा नाल्याकाठची अर्जुनाची जुनी झाडं एकेक करून वाळत होती. अर्जुनाची साल हृदयाला चांगली हे सगळ्यांना ठाऊक. कुणीही यावं, कुऱ्हाडीनं साल सोलून न्यावी. खोडाभोवती चहूबाजूंनी सोललं की झाड उभ्या उभ्या मरतं. मलाही साल लागायचीच. नाल्यापलीकडच्या वस्तीवरचा, मध विकणारा गंगाराम ती आणून द्यायचा. मी औषध देत होते आणि खिडकीतून वाळलेली झाडं बघत होते.

कॉलेजातले आमचे एक सर म्हणायचे, मूळ आणि साल काढली की झाड जातं, पानं काढली तर राहतं. तोच गुण पानांत आहे का, हे कुणीतरी नीट पाहायला हवं. पाहायला हवं — एवढंच ते म्हणायचे. मी मात्र मनाशी ठरवून टाकलं, की आहे.

इथपर्यंतचं मी कुठेही सांगू शकते. सांगितलंही आहे. आता पुढचं.

सुमन माझ्या दवाखान्याशेजारी ब्लाउज शिवायची. तिचा नवरा दत्ता हिंगोलीची जीप चालवायचा. लहानपणी ताप येऊन तिचे सांधे धरले होते, त्यातून हृदयाची एक झडप बिघडलेली. नांदेडच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, आणि सोबत माझ्याकडचा काढा — अर्जुनाची साल दुधात उकळून. तिला बरं वाटायचं. दुपारी रुग्ण नसले की ती मशीन सोडून माझ्याकडे येऊन बसायची. लोकांसमोर मला मॅडम म्हणायची, एकटी असली की ताई. माझं पहिलं लेकरू पोटातच गेलं, तेव्हा माझ्या घरची चूल तिनं सांभाळली. भाकरी थापताना धाप लागायची, तर भिंतीला टेकून बसायची आणि पुन्हा उठायची.

एका दिवाळीत मी गंगारामला साल आणू नको म्हणून सांगितलं. अर्जुनाचा पाला गच्चीवर वाळवला, कुटला, चाळला. बाकीच्यांना मी सरळ सांगायची, की ही पानं आहेत, पटत असेल तर घ्या. सुमनला सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? ती नको म्हणाली असती म्हणून? नाही. ती मला कधीच नको म्हणाली नसती. मी स्वतःची समजूत घातली होती — तिला कळलं तर तिच्या मनावर परिणाम होईल, मग खरा गुण कसा समजायचा? ऐकायला किती शास्त्रशुद्ध वाटतं ना? पानांची पूड हिरवट दिसते, सालीची तांबूस. म्हणून मी त्यात मंजिष्ठा मिसळली, रंग यावा म्हणून. नकळत झालं असं म्हणायची सोय मी तिथेच घालवली.

तरी तिनं एकदा पुडी उघडून पाहिली. "ताई, ह्याचा रंग येगळा दिसून राहिला."

"नवीन साल आहे," मी म्हणाले.

बरेच दिवस तिला काही झालं नाही. मी हवेत होते. नांदेडला वैद्यांचं एक संमेलन व्हायचं होतं, तिथे सालीऐवजी पानं वापरण्यावर बोलायला मला बोलावणं आलं. आणि तेव्हाच सुमननं विचारलं, की तुमच्या काढ्यानंच बरं आहे, त्या गोळ्यांनी जीव नुसता गळून जातो, काही दिवस बंद करू का?

इथे मी थांबते आहे. दरवेळी मनात सांगतानाही इथेच थांबते.

मी हो म्हणाले. करून बघ काही दिवस, म्हणाले. कारण गोळ्या चालू राहिल्या असत्या तर गुण पानांचा की गोळ्यांचा, हे मी संमेलनात कोणत्या तोंडानं सांगणार होते? मला एक रुग्ण हवा होता, फक्त पानांवर बरा असलेला. सुमन आपल्या पायानं चालत आली.

नांदेडला निघायच्या आदल्या दिवशी ती मशीनवर बसली होती. पावलं सुजलेली दिसली. मी खाली बसून तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला, आणि तो भरून यायला वेळ लागला. हृदय थकून अंगात पाणी साठतं आहे, हे मला कळत नव्हतं? कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. मी म्हणाले, दिवसभर पाय लटकून असतात, त्यानं होतं. उशी घेत जा पायाखाली. ती हसली. दुसऱ्या दिवशी मी माइकसमोर उभी राहिले आणि सांगितलं, की माझी एक रुग्ण केवळ अर्जुनाच्या पानांवर उत्तम आहे. टाळ्या झाल्या. सर पहिल्या रांगेत होते. आनंदले होते.

परत आले तर ती उशांना टेकून बसलेली, आडवं होता येईना. दत्तानं जीप काढली. मागच्या सीटवर तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. ती तुटक तुटक बोलत होती. म्हणाली, "ताई, गोळ्या बंद केल्याचं ह्यांना सांगू नका. मलाच बोलतील."

मी म्हणाले, "नाही सांगत."

तिला वाटत होतं, चूक तिची आहे. आणि मी ते वाटू दिलं. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत राहिले, की मेलेल्या बाईला दिलेला शब्द आहे, मोडायचा कसा. बघा, माणूस कुठल्या आडोशाला उभा राहतो.

हिंगोलीच्या डॉक्टरांनी विचारलं, काय चालू होतं? मी म्हणाले, अर्जुनाची साल. त्यांनी नांदेडला न्यायला सांगितलं. वसमतच्या अलीकडे ती गेली.

पानांनी काही केलं नसेल. गोळ्या असत्या तर ती आणखी किती जगली असती, तेही मला सांगता येत नाही. पण मी जे केलं, ते त्यानं बदलत नाही.

तिचे दिवस झाल्यावर दत्ता आला. दारातच उभा राहून म्हणाला, "मॅडम, साल खराब होती काय?"

एक क्षण होता. पुरेसा होता. मी म्हणाले, "असू शकते. जुनी असेल."

तो तिथून तडक वस्तीवर गेला. गंगारामला बायकापोरांसमोर घरातून ओढून बाहेर काढलं, मारलं. संध्याकाळी गंगाराम माझ्याकडे आला. सदरा खांद्यावर फाटलेला, ओठ सुजलेला. आवाज मात्र हळू.

"बाई, दिवाळीपसून म्या साल तोडलीच न्हाई. तुमीच नको म्हनल्या होत्या. तेवढं दत्ताभाऊला सांगा. दुसरं काई नको."

मी सांगते म्हणाले. तो हात जोडून गेला.

मी सांगितलं नाही. उद्या सांगू, दत्ताचा राग उतरल्यावर सांगू — असं करत राहिले. तोवर गंगारामकडून मध घेणंही लोकांनी बंद केलं. बायका त्याच्या बायकोशी पाणवठ्यावर बोलेनात. उन्हाळ्यात ते घरदार घेऊन निजामाबादकडे कामाला गेले ते परतले नाहीत.

आणि नाल्याकाठच्या सालीत विष आहे, अशी आवई गावात पसरली. कुऱ्हाड घेऊन कुणी तिकडे फिरकेना. जखमा भरल्या, नवी रोपं उगवली, काठ पुन्हा गर्द झाला. मीच पानांचा प्रचार करत होते, मग नाव माझं झालं. त्या झाडांसाठी मला शाल देतात, ती अशी मिळालेली आहे.

काही वर्षांनी हिंगोलीच्या बसस्थानकावर गंगाराम भेटला. केस पिकलेले. मीच तोंड फिरवलं होतं, त्यानं हाक मारली. बरं आहे का, गुरुजी कसे आहेत, विचारलं. ते जुनं काही काढलं नाही. मी वाट पाहत होते, की काढेल. गोरेगावची जीप भरत आली, तशी मी चढून बसले.

दत्ताची जीप केव्हाच गेली. आता त्याचे गुडघे दुखतात, तेल न्यायला माझ्याकडेच येतो. मागच्या महिन्यात बाटली पिशवीत ठेवता ठेवता म्हणाला, "तुमी शेवटपर्यंत तिच्यासंगं होत्या मॅडम. तेवढंच बरं वाटतं."

तेल कोमट करून लाव, मी म्हणाले.