बावीसवर ठेवलेली खोली

मुरगाव बंदरातून आम्ही जहाजावर चढलो तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. नोव्हेंबर असूनही धक्क्यावर उन्हाचा चटका होता. रांगेत उभं राहून माझी साडी पाठीला चिकटली होती. जहाजाच्या दारातून आत पाऊल टाकलं आणि अंगावरचा घाम जागच्या जागी गार झाला. इतकं बरं वाटलं, की मी तिथंच थबकले आणि मागचे लोक खोळंबले. शेजारी माझे यजमान होते. त्यांनी शर्टाच्या दुमडलेल्या बाह्या खाली सोडल्या आणि मनगटाची बटणं लावली. ते मी पाहिलं होतं. पण त्याचा काही अर्थ असेल असं तेव्हा मनात आलं नाही.

मी कोरगावच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले त्याला वर्ष झालं होतं. शाळेत असताना डिचोलीच्या एका बाईंनी जहाजावरचे फोटो दाखवले होते, तेव्हापासून माझ्या डोक्यात ते बसलं होतं. ह्यांना तसली हौस नाही. आयुष्यभर शिरगावच्या बाजूला खनिजाचा ट्रक चालवला, खाणी बंद पडल्यावर काजूची बाग बघत घरी राहिले. पुण्याच्या लेकीनं पाच दिवसांच्या सफरीची तिकिटं काढून दिली, तेव्हा हे एवढंच म्हणाले, "तुका जावचा आसा ना? मग जाऊया."

आमच्या खोलीला बाल्कांव होता, समुद्राकडचा सज्जा, दोन खुर्च्या मावतील एवढा. काचेचं सरकतं दार. भिंतीवर एक छोटा पडदा, त्यावर एसीचा आकडा. मी तो बावीसवर आणला आणि पलंगावर टेकले. मला गेली काही वर्षं अधूनमधून एकाएकी अंगातून वाफा येतात, मानेवरून घाम फुटतो. वयाचं आहे, डॉक्टरांनी सांगून झालंय. त्यामुळे त्या खोलीत मला माहेरी आल्यासारखं झालं. थोड्या वेळानं मी जहाजाचं वरचं अंगण बघायला निघाले. हे म्हणाले, "तू जा. मी जरा पडतंय."

तासाभरानं परत आले तर खोलीत कोंदट उकाडा. चादर दमट लागत होती, आरशावर वाफ धरली होती. वरच्या जाळीतून हवा येत नव्हती. भिंतीवरचा आकडा मात्र बावीसच दाखवत होता. हे पलंगावर डोळे मिटून पडलेले, बाल्कांवचं दार बंद. मी बाहेर जाऊन आमच्या खोल्यांची व्यवस्था बघणाऱ्या माणसाला बोलावलं. पन्नाशीचा, केस पिकलेला गृहस्थ. माझं बोलणं ऐकून त्यानं विचारलं, "काकी, तुमी खंयच्या?" मी पेडण्याकडची म्हटल्यावर त्याचा चेहरा सैल झाला. "मी वेंगुर्ल्याचो." तो आत आला, जाळीखाली हात धरला. गार वारा व्यवस्थित येत होता.

"चालू आसा, काकी."

मी ओशाळले. शाळेत एखादा मुलगा पोटात दुखतंय म्हणायचा आणि मुख्याध्यापकांसमोर नेलं की हसत उभा राहायचा, तसं माझं झालं.

दुसऱ्या दिवशी नाश्ता करून मी नारळ कोरायचं प्रात्यक्षिक बघायला थांबले, हे खोलीत परतले. मी आले तेव्हा पुन्हा तेच, उकाडा आणि दमट चादर. या वेळी यंत्र दुरुस्त करणारा आला. त्यानं जाळीत तापमान मोजायची एक सुई घातली, हातातल्या यंत्रावरचा आकडा वाचला, सगळं ठीक आहे म्हणून निघून गेला. आणि खरंच, तो गेला तेव्हा खोली गार होत आली होती. दुपारी तिसऱ्यांदा तसंच झालं. शिक्षिकेची सवय, मी कार्यक्रमपत्रिकेच्या मागे वेळा लिहून ठेवू लागले. कधी बंद, कधी चालू. त्यातून काही धागा लागत नव्हता.

मग मला स्वतःचाच संशय येऊ लागला. खोली गरम होत नसेल, मीच गरम होत असेन. मी ह्यांना विचारलं, "तुमका गरम जाता काय?"

"ना. बरा आसा."

हे "बरा" म्हणजे काय, तेही मला कळेना. माझ्या अंगाचा दोष म्हणावा, तर जेवणाच्या दालनात मलाही थंडी वाजत होती. तिथं बायका शाली घेऊन बसत. आमच्या टेबलावर नेमका वरून वारा यायचा आणि आमटी पानात वाढेपर्यंत निवायची. नाटकाच्या सभागृहात तर माझी बोटं बधिर झाली. तिथून वर उघड्यावर जावं तर ऊन डोक्यावर, पुन्हा आत यावं तर अंगावर काटा. दोन दिवसांत मला शिंका सुरू झाल्या. आपल्याला उकडतंय की गारठतंय, एवढी साधी गोष्ट माझी मला सांगता येईना.

संध्याकाळी वेंगुर्ल्याच्या त्या माणसाला गाठून मी पुन्हा गाऱ्हाणं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. जहाजभर थंड पाण्याचे नळ फिरलेले असतात, खोलीतला आकडा बदलला तरी दोन-चार अंशांचाच फरक पडतो, असं त्यानं समजावलं. जेवताना भिंतीकडची टेबलं मागा, तिथं वारा कमी लागतो, हेही सांगितलं. मग विचारलं, "बाल्कांवचो दरवाजो उघडो रवता काय? दरवाजो उघडो रवलो की एसी आपसूक बंद पडता. तशीच सोय केल्ली आसा."

"नाही हो," मी म्हटलं. "खाऱ्या वाऱ्यानं सगळं चिकट होतं. मी एकदासुद्धा उघडलं नाही."

ते खरंच होतं. मी उघडलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी जहाज एका बेटापासून दूर नांगरून उभं राहिलं. छोट्या होड्यांतून लोकांना किनाऱ्यावर नेणार होते. ह्यांनी "माझे गुडघे दुखतत" म्हणून यायचं टाळलं. मी टोपी, पाण्याची बाटली घेऊन रांगेत उभी राहिले. पण समुद्राला लाटा होत्या, दोन होड्या गेल्यावर बाकीच्यांना परत पाठवलं. अर्ध्या तासातच मी आमच्या खोलीच्या दाराशी आले आणि कार्ड लावून आत शिरले.

बाल्कांवचं काचेचं दार सताड उघडं होतं. हे खुर्ची उंबऱ्यात ओढून पाय उन्हात सोडून बसले होते. अंगात एकावर एक दोन शर्ट, पायांत मोजे, गुडघ्यांवर माझी शाल. डोळे मिटलेले. मांजर उन्हाला बसतं तसे.

मी एवढी चिडले होते, की आधी दार लावलं आणि मग बोलले. "तीन दिवस मी सगळ्या जहाजाला कामाला लावलंय. तुम्ही दार उघडता म्हणून ते बंद पडतं."

त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. "म्हणजे दारामुळे?" ते म्हणाले. "माका वाटला, ता मशीनच मधी मधी थांबता. तू येवच्या आधी मी दार लावी. मग ता परत सुरू जाय."

"पण दार उघडलंत कशाला?"

"थंडी वाजता म्हणून."

"मग सांगायचं नाही? मी विचारलं तेव्हा बरा आसा म्हणालात."

त्यांनी शाल गुडघ्यांवर नीट ओढली. "तू वर्सभर ह्याच जहाजाचा बोलत होतस. पयल्याच दिसाक मी काय सांगू, माका घरा जावचा म्हणून?"

मी त्यांचा हात धरला. धरायचा म्हणून नव्हे, शाल ओढून घ्यायला गेले आणि हात हातात आला. भर उन्हात बसलेल्या माणसाचा तो हात विहिरीतल्या दगडासारखा गार होता. याच माणसानं मे महिन्यात, लाल धूळ आत येऊ नये म्हणून काचा वर करून, इंजिनाच्या धगीत दिवसाला कितीतरी खेपा मारलेल्या. त्याला गारठा सोसत नाही? माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही, पण त्याच्या जागी दुसरं काही नीट आलंही नाही.

मी पुन्हा त्या गृहस्थाकडे गेले आणि दाराचं खरं काय ते सांगितलं. तो हसला नाही. "हरेक फेरीक अशे दोघे असततच, काकी. एकाक गरम, एकाक थंड." त्यानं जोडलेले पलंग वेगळे केले. ह्यांचा पलंग जाळीपासून लांब, काचेच्या बाजूला नेला. जाळीच्या पट्ट्या माझ्याकडे वळवल्या, ह्यांना आणखी एक दुलई आणून दिली. आकडा आम्ही चोवीसवर ठेवला. दार बंद. सकाळी जहाजाच्या ज्या कडेला ऊन येई तिथं हे दोन तास बसत, मी आत वाचत बसे. जेवायला भिंतीकडचं टेबल मिळालं.

माझी सोय झाली. ह्यांची झाली नाही. दोन दुलया घेऊनही त्यांचे पाय गार असत. मी ते बघत होते आणि मागचं आठवायचा प्रयत्न करत होते. आंघोळीचं पाणी जास्त कढत लागायला लागलं ते कधीपासून? पायऱ्या चढताना थांबायचे, दुपारी डुलकी काढायचे, आवाजही थोडा जड झाला होता. मी त्याला वय म्हणत आले होते. की ही जहाजाचीच थंडी, आणि मी आता उगाच जुन्या गोष्टी जुळवते आहे? धड काही ठरवता येईना. शेवटच्या दिवशी मुरगावच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा बाकीचे लोक घाम पुसत होते. ह्यांनी दुसरा शर्ट काढला नाही. ते पाहिल्यावर मात्र मी ठरवलं.

डिचोलीच्या डॉक्टरांनी ह्यांचा गळा चाचपला, नाडी बघितली, रक्त तपासायला दिलं. दोन दिवसांनी रिपोर्ट आला. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी मंदावली होती. शरीरात ऊब धरून ठेवायचं कामच नीट होत नव्हतं, म्हणून थंडी, म्हणून थकवा. रोज सकाळी उपाशीपोटी एक बारीक गोळी, आणि त्यानंतर निदान अर्धा तास चहा नाही.

"कधीपासून थंडी वाजते?" डॉक्टरांनी विचारलं.

"जहाजापासून," हे म्हणाले.

"त्याच्या आधीपासून," मी म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. किती आधीपासून, ते मला सांगता आलं नाही. चतुर्थीला वाजत होती का? काजूच्या दिवसांत? इतकी वर्षं हजेरीपटावर कोण कधी आजारी ते लिहीत आले, आणि घरातल्या माणसाचा महिना मला आठवत नव्हता. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि सहा आठवड्यांनी यायला सांगितलं.

लेकीचा फोन आला तेव्हा तिनं विचारलं, जहाज कसं होतं. मी म्हटलं, गार होतं. मग वाटलं, हे तरी खरं का? माझ्या अंगाला ते नेमकं हवं तेवढं होतं, जेवणाच्या दालनात जास्त होतं, आणि ह्यांना जे लागलं त्यातलं जहाजाचं किती आणि त्यांच्या रक्तातलं किती, ते मला अजून वेगळं करता आलेलं नाही. तिला एवढं सगळं कसं सांगणार? मी ह्यांच्या हातात फोन दिला.

सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं. सुधारणा होती, पण डॉक्टरांनी गोळी थोडी वाढवली. आणखी महिनाभरानं हे एका सकाळी कोयता घेऊन निघाले आणि बागेत काजूच्या झाडांखालचं रान काढायला लागले. दुपारी जेवायला आले तेव्हा पाठीवर शर्ट ओला झाला होता.