आळी, झाडू आणि मिरची

"आधी तोंड दाखव, मंग बोल!" आमची ताई हे कुणा माणसाला म्हणत नसे, माझ्या कामाच्या नोंदीला म्हणे.

सांगतो. कारंज्यात एका कृषी केंद्राच्या माडीवर आमचं सॉफ्टवेअरचं छोटंसं ऑफिस आहे. बाजार समितीच्या यार्डात मालाचं वजन झालं की जी काटापट्टी निघते, तिचा प्रोग्राम आमचा. त्यात काहीही बदललं की त्याची एका ओळीत नोंद करायची, असा या धंद्याचा नियम. माझ्या नोंदी अशा: 'दुरुस्ती'. 'पुन्हा दुरुस्ती'. 'आता खरंच झाली'.

ताई मंगरूळपीरकडची, मला सीनियर. ती प्रत्येक नोंदीच्या आधी इमोजी लावायची. चूक सुधारली की आळी, साफसफाई केली की झाडू, नवीन काही घातलं की रोपटं. आणि अंगाशी येऊ शकेल असा बदल असला की लालभडक मिरची.

"ताई, हे काय व्हॉट्सअ‍ॅप हाय काय?" मी चिडवायचो.

"तुह्या नोंदी वाचू वाचू डोये फुटले माहे," ती म्हणे. "चित्र कसं, दुरूनच वयखू येते."

मला तो निव्वळ पोरखेळ वाटे. तुम्हालाही वाटला असता.

मग सोयाबीनच्या भर हंगामात एका सकाळी काटापट्टी निघायचीच बंद झाली. यार्डात वजनं थांबली, ट्रॅक्टरची रांग गेटबाहेर गेली, आणि आमच्या मालकांचा फोन काही थांबेना. त्या आठवड्यातल्या बहुतेक नोंदी माझ्या. मालक सरळ माझ्यावर धावून आले. "कायले हात लावतो रे तू? उद्यापासून येऊच नको!"

मी घाईघाईनं नोंदी उघडल्या. माझ्याच 'दुरुस्त्या' वाचू लागलो, तर कोणती कशाची ते मलाच कळेना. ताईनं माउस ओढून घेतला. आळी, आळी, झाडू, मध्येच माझं काहीतरी, पुन्हा आळी... मिरची. तिथं ती थांबली.

"झोंबून राह्यलं ते इथं," ती मालकांना म्हणाली. "आन् मिरची माही व्हय. त्याले काहून बोलता?"

तिनं तो बदल मागे घेतला. चहा येईपर्यंत यार्डात पट्ट्या निघू लागल्या, आणि मालक "बरं, बरं" करत खाली उतरले.

"ताई, मिरची लावली नसती तर माझ्या ढिगात तुमची चूक कुणालाच दिसली नसती," मी म्हणालो.

"तुले घरी धाडलं असतं ना मंग," ती हसली. "आता लिहिशीन काय दुरुस्ती?"

पुढच्या उन्हाळ्यात तिला पुण्यात नोकरी लागली. शेवटच्या दिवशी तिनं शेवटची नोंद केली: एक बस, आणि पुढे, 'चाल्ली मी. सांभाळजो.'

आमच्याकडे नवी नोंद वर येते, जुनी खाली जाते. आता मीही आळ्या लावतो, झाडू लावतो, आणि माझ्या प्रत्येक नोंदीनं ती बस एक ओळ खाली सरकते. ताईची फार आठवण येते हो. परवा एक धोक्याचा बदल केला, आपल्या हातानं मिरची लावली आणि सवयीनं शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. मग उगाचच स्क्रीन खाली खाली ओढत गेलो.

बस अजून उभीच आहे.